पगार चांगला, तरी भाडं परवडत नव्हतं: कशाने सुटलं

लक्षण: भाडं पगाराच्या ३० टक्क्यांतच बसतं, तरी वीस तारखेनंतर खात्यात खडखडाट. वैताग येतो, कारण हिशोब कागदावर बरोबर दिसतो.

आधी बाहेरचं खाणं बंद केलं, फरक किरकोळ. लांबचं स्वस्त घर पाहिलं, तर वाचलेलं भाडं प्रवासाने खाल्लं.

मूळ दोष आकड्यात होता. ३० टक्के कपातीआधीच्या पगारावर काढले होते. कागदावर १०० असतील आणि हातात ७२ येत असतील, तर ३० भाडं म्हणजे ४२ टक्के. त्यात मेंटेनन्स, वीज, इंटरनेट मिळून ५ आणि प्रवासाचे ४ धरा: ३९, म्हणजे ५४ टक्के!

उपाय याच क्रमाने. आधी गेल्या सहा महिन्यांतला हातात आलेला सर्वांत कमी पगार घ्या. बोनस धरू नका. मग प्रत्येक घरासाठी भाडं, वरची बिलं, प्रवास आणि दलाली व सामान हलवण्याचा खर्च भागिले कराराचे महिने, अशी बेरीज करा. डिपॉझिट यात नको, तो अडकलेला पैसा आहे. बेरीज त्या सर्वांत कमी पगाराच्या ४० टक्क्यांवर गेली की ते घर सोडा.

एकट्याला छोटं घर बसेना, म्हणून तिघांत मोठं घेतलं. स्वयंपाकघर आणि इंटरनेट एकच, त्यामुळे डोईखर्च उतरतो. करारात प्रत्येकाचं नाव आणि मध्येच सोडणाऱ्याने किती आधी सांगायचं, हे लिहून घ्याच. नाहीतर एक गेला की त्याचा वाटा उरलेल्यांवर पडतो. भाड्याचा ऑटो-डेबिट पगाराच्या दुसऱ्याच दिवशी लावा.