वावरातला प्रश्न घेऊन विज्ञानाचे व्हिडिओ कसे पाहावेत

पोळा झाला की मी रोज सकाळी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन-तीन ओळी नुसत्या पाहत चालते. गेल्या वर्षी अशाच एका सकाळी नीट न उमललेलं फूल दिसलं. पाकळ्या एकमेकींना चिकटून, गुलाबाच्या कळीसारख्या पिळलेल्या. डोमकळी. नखाने हळूच पाकळ्या सोडवल्या, तर आत तांदळाच्या कणीएवढी पांढरट अळी होती, डोकं तपकिरी. तिने पाकळ्या आतून बारीक धाग्याने शिवून घेतल्या होत्या आणि त्या बंद खोलीत बसून ती परागकण खात होती.

दिराचा मुलगा सोबत होता, दहावीतला. तो म्हणाला, "काकू, हे बीटी हाये ना? मंग अळी मरत काऊन नाही?"

बीटी म्हणजे बोंडअळी मरावी म्हणून जनुक घालून केलेली कपाशी, पण ही अळी का जगते याचं मला उत्तर आलं नाही. बारावी सायन्सपर्यंत शिकले, मग लग्न होऊन यवतमाळ जिल्ह्यातल्या या गावात आले, त्याला आता बावीस वर्षं झाली. पुढे शिकायची इच्छा मात्र तशीच राहिली. घरी येऊन पोराचा तो प्रश्न वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिला आणि सव्वा महिना दिवेलागणीनंतर रोज अर्धा तास त्याच एका प्रश्नावरचे लहान लहान व्हिडिओ पाहिले. त्यातून जी रीत बसली, ती इथे सांगते. ज्यांच्या घरात एक मोबाइल आहे, ज्यांना जनुकं, उत्क्रांती, चंद्र, उल्का असले मोठे विषय समजून घ्यायचे आहेत आणि ज्यांना कॉलेजात जाणं आता शक्य नाही, त्यांच्यासाठी.

पहिली गोष्ट. मोबाइल हातात घेण्याआधी प्रश्न कागदावर हवा. प्रश्न नसेल तर बोट आपोआप वर सरकत राहतं. एक कृष्णविवर, एक रोबो, एक समुद्रातला मासा असं करत तासभर जातो आणि सकाळी काही आठवत नाही. प्रश्न शक्यतो आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूचा असावा. 'जनुकीय अभियांत्रिकी म्हणजे काय' असं लिहिलं असतं तर मी तिसऱ्या दिवशी कंटाळले असते. 'माझ्या डोमकळीतली अळी मरत का नाही' या प्रश्नाने मला जनुकापर्यंत नेलं, आणि त्याच्याही पुढे.

शोधताना शब्द बदलत राहावे लागतात. 'बीटी कापूस' एवढंच टाकलं तर बियाण्याच्या जाहिराती आणि भांडणं वर येतात. मी माइकचं बटण दाबून पूर्ण वाक्य बोलले: बीटीचं प्रथिन अळीच्या पोटात काय करतं. मग चित्रांतून समजावणारे तीन-चार मिनिटांचे व्हिडिओ मिळाले, बहुतेक हिंदी-इंग्रजी. इंग्रजीला घाबरू नका. सेटिंगमध्ये उपशीर्षकं सुरू करता येतात, बऱ्याच व्हिडिओंत ती मराठीत आपोआप भाषांतरितही होतात. भाषांतर धेडगुजरी असतं, पण चित्र समोर असल्यामुळे अर्थ लागतो. वेगही कमी करता येतो. मी इंग्रजी व्हिडिओ पाऊण वेगावर पाहते.

आणि एकच व्हिडिओ तीनदा पाहायचा. पहिल्यांदा सलग. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, म्हणजे चित्रात नेमकं काय हलतंय ते दिसतं. तिसऱ्यांदा थांबत थांबत, वही घेऊन. चार मिनिटांचा व्हिडिओ तिसऱ्यांदा मला पंचवीस मिनिटं पुरतो. आवाज बंद करण्याची युक्ती कुणी शिकवली नव्हती. एकदा आत्याबाईंचा डोळा लागला होता म्हणून आवाज बंद केला, आणि अळीच्या आतड्याच्या भिंतीला पडणारी छिद्रं त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. आधी निवेदन ऐकण्याच्या नादात तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

त्या पानावर जे जमत गेलं ते असं. मातीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा जिवाणू असतो, बीटी हे त्याचंच लहान नाव. तो एक प्रथिन बनवतो. ते प्रथिन बनवण्याची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते ते जनुक कपाशीत घातलं, म्हणून झाडच ते प्रथिन बनवू लागलं. अळीचं पोट आपल्यासारखं आम्लाचं नसतं, अल्कधर्मी असतं. तिथे ते प्रथिन विरघळतं, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक जागी कुलुपात किल्ली बसावी तसं बसतं, भिंतीला छिद्रं पाडतं आणि अळी खाणं सोडते. आपल्या आतड्यात ती कुलपंच नाहीत.

भारतात बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचं वाण 2006 मध्ये आलं. मग माझ्या डोमकळीतली अळी, म्हणजे गुलाबी बोंडअळी, का वाचते? इथे मला सगळ्यात जास्त दिवस लागले, कारण उत्तर अळीच्या पोटात नाही, तिच्या वंशात आहे. लाखो अळ्यांत एखाद-दुसरीचं कुलूप जन्मतःच थोडं वेगळं असतं. प्रथिनाची किल्ली तिला लागत नाही. बाकीच्या मरतात, ही जगते, तिचा पतंग होतो. आजूबाजूलाही तसेच वाचलेले पतंग असतील तर त्यांची पिल्लं सगळीच वाचणारी निघतात. दरवर्षी सगळीकडे तेच वाण, त्यात फरदड ठेवली, म्हणजे वेचणी झाल्यावरही पऱ्हाटी उभीच ठेवली, की अळीला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळतं. 2017 च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात बोंडंच्या बोंडं किडली, कवडी, म्हणजे किडका डागी, कापूस वेचायला मजूर येईनात, ते सगळ्यांना आठवतं. डार्विनची उत्क्रांती मी बारावीत पाठ केली होती. आमच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, आत ती पंधरा वर्षांत घडून गेली, हे मला त्या संध्याकाळी कळलं, आणि मी बराच वेळ वही मांडीवर घेऊन बसून राहिले.

पाकिटासोबत 120 ग्रॅमची बिगर बीटी सरकीची वेगळी पुडी यायची. ती आम्ही कधी लावली नाही. वाटायचं, अळी लागणारं बियाणं मुद्दाम कशाला पेरायचं? त्या ओळींत साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग वाचलेल्या पतंगांशी जुळावेत आणि पिल्लं पुन्हा बीटीला मरणारी व्हावीत, यासाठी ती पुडी होती. दुकानात हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. चार मिनिटांच्या व्हिडिओत मात्र ते स्पष्ट होतं.

कळलेलं घरात दुसऱ्याला सांगा. माझी परीक्षा आत्याबाई घेतात. त्या शाळेत गेल्या नाहीत, पण पंचावन्न वर्षं कापूस वेचला. मी सगळं सांगितल्यावर म्हणाल्या, "सरकीतच औषध हाये म्हणतं, तं मंग एवढं फवारायचं कायले?" मी अडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा व्हिडिओ काढला. ते प्रथिन ठरावीक अळ्यांसाठीच आहे. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींवर त्याचा उपयोग नाही. हा मुद्दा व्हिडिओत एका वाक्यात येऊन गेला होता, तीनदा पाहूनही माझ्या हातून निसटला होता. समोरच्याचा प्रश्न आला की कुठे भोक आहे ते कळतं.

आता करून पाहण्याबद्दल. यासाठी माझा आवडता व्हिडिओ एका मिनिटाचाही नाही. 2 ऑगस्ट 1971 ला अपोलो 15 चे अंतराळवीर डेव्हिड स्कॉट चंद्रावर उभे आहेत, एका हातात हातोडी, दुसऱ्यात ससाण्याचं पीस. दोन्ही एकदम सोडतात. दोन्ही एकदम मातीला लागतात. चित्र धूसर आहे. आमच्या अंगणातल्या पाच पोरांपैकी चौघांना ते खोटं वाटलं. मग आम्ही चप्पल आणि कापसाचा बोळा छपरीवरून सोडला. चप्पल आधी पडली, कापूस तरंगत आला. पोरं म्हणाली, पाहा. मग एक वही घेतली, तिच्यावर वहीपेक्षा लहान कागदाचा कपटा नीट सपाट टेकेल असा नुसता ठेवला आणि वही आडवी सोडली. कपटा वहीवरून हलला नाही, तिच्यासोबतच खाली आला. हवा वहीने अडवली होती. चंद्रावर ती मुळातच नाही. ते पाहून पोरांनी हातोडीचा व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. या वेळी कुणी खोटं म्हणालं नाही.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करण्याच्या अशाच लहान लहान फिती तयार केल्या, त्या मराठीतही आहेत. काडेपेटी, सायकलची ट्यूब, स्ट्रॉ असलं सामान लागतं. मुलं असलेल्या घराने तिथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा ॲपने उघडले की धड्याचे व्हिडिओही मिळतात. ते थोडे शाळकरी असतात, पण शब्द मराठी कळतात.

आकडा आला की दुसरा व्हिडिओ शोधायचा. हे मी लोणारमुळे शिकले. शेगावला दर्शन करून परत येताना आम्ही लोणारला उतरलो होतो. काठावर उभं राहिलं की सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा तो वाडगा एका नजरेत मावत नाही. घरी येऊन व्हिडिओ लावले. एक म्हणे विवर 52 हजार वर्षांपूर्वीचं, दुसरा म्हणे 5 लाख 70 हजार. दहापट फरक! पहिल्यांदा वाटलं, एकजण खोटं बोलतोय. तसं नव्हतं. पहिला आकडा खनिजात साठलेली ऊर्जा तापवल्यावर प्रकाश होऊन किती बाहेर पडते, यावरून काढलेला, जुना. दुसरा उल्केच्या धडकेने वितळलेल्या खडकातल्या आरगॉन वायूच्या मोजणीवरून, अलीकडचा. तेव्हापासून वहीत आकड्याशेजारी 'कशावरून काढला' असा रकाना ठेवला आहे. जो व्हिडिओ आकडा देतो पण कशावरून ते सांगत नाही, त्याच्यावर मी अर्धाच विश्वास ठेवते. जून 2020 मध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा व्हॉट्सॲपवर देवाचा कोप इथपासून सगळं फिरलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून खारटपणात वाढणारे सूक्ष्मजीव त्याचं कारण असल्याचं सांगितलं.

खोट्याची ओळख एका वाक्यात देता येत नाही. चांद्रयान-3 चं 23 ऑगस्ट 2023 ला संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी चंद्रावर उतरणं आम्ही इस्रोच्या थेट प्रक्षेपणात ग्रामपंचायतीत बसून पाहिलं, टाळ्यांनी पत्रे दणाणले. लगेचच चंद्राच्या मातीवर उमटलेल्या अशोकस्तंभाच्या राजमुद्रेचा स्वच्छ फोटो घरोघरी फिरला. यानातून उतरलेल्या प्रज्ञान या गाडीच्या चाकांवर राजमुद्रा कोरली होती हे खरं. तो फोटो मात्र कुण्या कलाकाराने केलेलं चित्र होतं. अर्धं खरं असलेलं असं चित्र ओळखणं सगळ्यात अवघड. मी एवढंच करते: ज्यांचं काम आहे त्यांच्या पानावर ते आहे का पाहते. इस्रोचं असेल तर इस्रोच्या पानावर, कापसाचं असेल तर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या किंवा कृषी विद्यापीठाच्या. तिथे नसेल तर पुढे पाठवत नाही.

डेटाचं थोडक्यात. गुणवत्ता 360 वर ठेवा, चित्रं पुरेशी दिसतात. आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याचं बटण बंद करा, हे सगळ्यात आधी. आमच्याकडे संध्याकाळी रेंज जाते, म्हणून मी दुपारी बाजाराच्या गावी गेले की दोन व्हिडिओ उतरवून आणते. दोनच. जास्त आणले की एकही नीट पाहणं होत नाही.

वहीतलं आत्ताचं पान सावलीचं आहे. आत्याबाईंनीच विचारलं, उन्हाळ्यात एक दिवस आंगणातल्या मुसळाची सावली पायाखाली का जाते. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षभर उत्तर-दक्षिण सरकतो आणि कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या आपल्या गावांवर वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. व्हिडिओ झाला, तीनदा पाहिला. करून पाहणं बाकी आहे. यवतमाळच्या आसपास तो दिवस मेच्या 20 ते 22 तारखेला येतो, नागपूरला 26 च्या सुमारास. दुसऱ्यांदा जुलैत येतो, तेव्हा आभाळ असतं. सपाट फरशीवर पाण्याची पातळी पाहून जागा निवडा, स्टीलचा उभा डबा ठेवा, आणि बारा वाजल्यापासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करा. सव्वाबाराच्या मागेपुढे डब्याच्या कडेला खूण करायला जागा उरणार नाही. पोरांना टोपी घालायला लावा आणि वर सूर्याकडे पाहू देऊ नका.