एमसीबी सारखी पडते? या चुका टाळा

एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच, पडली की घाईने खटका वर करण्याआधी ती कशी पडली ते आठवा. खटका वर करताच पडत असेल तर बहुधा शॉर्ट असतो. दहा-वीस मिनिटं चालून पडत असेल तर लोड जास्त आहे किंवा स्क्रू सैल आहे. हा फरक पडतो, कारण आत दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. जास्त प्रवाहाने बायमेटलची (दोन धातू जोडलेली) पट्टी तापून हळूहळू वाकते आणि खटका पाडते. शॉर्ट झाला तर कॉइलचं चुंबकत्व तेच काम सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास करतं.

एमसीबी बदलून मोठी बसवणं

सगळ्यांत घातक चूक हीच. एमसीबी वायर वाचवण्यासाठी असते, त्यामुळे तिचा आकडा वायरवरून ठरतो. १६ अँपिअरची एमसीबी १६ला लगेच पडत नाही. ठरलेल्या मानकानुसार १.१३ पट, म्हणजे साधारण १८ अँपिअर, तासभर चालले तरी ती पडता कामा नये, १.४५ पट, म्हणजे २३ अँपिअरला मात्र तासाभरात पडलीच पाहिजे. तिच्या जागी ३२ची बसवली की ३६ अँपिअर तासन्‌तास वाहू शकतात. भिंतीतली २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर एवढ्या प्रवाहासाठी नसते. इन्सुलेशन आतल्या आत भाजत जातं आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. लोड खरोखरच जास्त असेल तर वेगळं सर्किट ओढा.

फक्त मोटर किंवा कॉम्प्रेसर सुरू होतानाच पडत असेल तर एमसीबीवर आकड्याआधी छापलेलं अक्षर बघा. बी प्रकारात चुंबकी ट्रिप (कॉइलने खटका पाडणं) एमसीबीच्या आकड्याच्या ३ ते ५ पट प्रवाहाला होते, सी प्रकारात ५ ते १० पट, डी प्रकारात १० ते २० पट. तिथे बी१६ काढून सी१६ लावल्याने प्रश्न सुटू शकतो. पण लांबच्या वायरिंगवर शॉर्टचा प्रवाहच कमी येतो आणि डी प्रकार तेवढ्याने पडेलच असं नाही, म्हणून तो सरसकट लावू नका.

टर्मिनल नुसतं आवळून सोडून देणं

लोड मोजला तर कमी, तरी एमसीबी पडते आणि हाताला गरम लागते, अशा वेळी टर्मिनल बघा. मेन स्विच बंद करा, मीटरने सप्लाय नसल्याची खात्री करा. मेन स्विचच्या येणाऱ्या बाजूला तरीही करंट असतो, तिथे हात नको. मग प्रत्येक वायर ओढून बघा. स्क्रू घट्ट लागतो, पण वायर टर्मिनलच्या पिंजऱ्यात (स्क्रूने आवळल्या जाणाऱ्या चौकटीत) न जाता त्याच्या मागे गेलेली असते, असं बरेचदा सापडतं. कधी स्क्रूखाली इन्सुलेशन दाबलं गेलेलं असतं. अशा सांध्याची उष्णता थेट बायमेटलपर्यंत पोचते. काळं पडलेलं तांबं कापा, नवं टोक सोला आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळा. टर्मिनलच भाजलं असेल तर एमसीबी बदला.

आरसीसीबी बायपास करणं

आरसीसीबी म्हणजे वीज गळाली की सप्लाय तोडणारा स्विच. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५ ते ३० मिलिअँपिअर गळतीला पडते. ती फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ताडून बघते. ओव्हरलोड किंवा शॉर्टशी तिचा संबंध नाही, म्हणून तिच्यासोबत एमसीबी हवीच. फेज आणि न्यूट्रल दोन्हीला एकदम हात लागला तर मात्र तिला गळती दिसत नाही.

ती पडली की लोक एकेक एमसीबी बंद करून दोष शोधतात. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते. न्यूट्रल अर्थला टेकला असेल तर ती बंद असतानाही आरसीसीबी पडत राहते. म्हणून मेन बंद ठेवून प्रत्येक सर्किटचा न्यूट्रलही बारमधून (सगळे न्यूट्रल जोडलेल्या पट्टीतून) सोडवा आणि मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, तपासा. मेगर लावण्याआधी उपकरणांचे प्लग काढा. दोन आरसीसीबींचे न्यूट्रल एका बारवर आले असतील तर लोड लावताच त्या पडतात.

टेस्ट बटण कंपनीने सांगितलेल्या अवधीने दाबा. मात्र त्याने अर्थिंग तपासलं जात नाही, कारण बटणाचा प्रवाह रेझिस्टरमधून आतल्या आतच फिरतो.

खटका धरून ठेवणं

खटका वर दाबून धरला तरी आतली कडी सुटते आणि कॉन्टॅक्ट उघडतात. मधोमध अडकलेला खटका आधी पूर्ण खाली करा, मगच वर. ओव्हरलोडने पडली असेल तर लोड कमी करून दोन-तीन मिनिटं पट्टी थंड होऊ द्या. शॉर्टने पडली असेल तर दोष सापडेपर्यंत हात लावू नका: प्रत्येक वेळी आत ठिणगी पेटते, ती विझवणाऱ्या पट्ट्या आणि कॉन्टॅक्ट झिजतात. एमसीबीवर चौकटीत छापलेला ६००० हा आकडा ती जास्तीत जास्त किती अँपिअरचा शॉर्ट तोडू शकते ते सांगतो. मोठ्या शॉर्टनंतर खटका ढिला वाटला, जळका वास आला किंवा कवच तडकलं, तर ती एमसीबी पुन्हा वापरू नका.