वकिली सांभाळून तालुक्यात बुद्धिबळ स्पर्धा कशी भरवावी

तालुका न्यायालयात वकिली करणाऱ्या आणि स्वतः बुद्धिबळ खेळणाऱ्या व्यक्तीने स्पर्धा भरवायचे ठरवल्यास प्रथम तारखेचा विचार करावा. दिवाळीच्या सुट्टीत न्यायालय बंद असले, तरी विदर्भातील खेड्यांत तेव्हा कापूस वेचणीची घाई असते. म्हणून जानेवारीअखेरचा रविवार बरा.

बाद पद्धत टाळावी, कारण दूरच्या गावाहून एसटीने आलेल्या मुलाला एका डावानंतर परत पाठवणे योग्य नव्हे. स्विस पद्धतीत कोणीही बाहेर पडत नाही, शक्यतो समान गुण असलेल्यांची गाठ घातली जाते आणि तीच जोडी पुन्हा लावली जात नाही. ६४ खेळाडूंना ६ फेऱ्या पुरतात. प्रत्येकास १५ मिनिटे आणि प्रत्येक चालीमागे १० सेकंद दिल्यास ६० चालींचा डावही ५० मिनिटांत आटोपतो, त्यामुळे सकाळी नऊला सुरुवात केल्यास जेवणाची सुट्टी धरूनही संध्याकाळच्या गाडीआधी बक्षिसे वाटून होतात. मात्र यासाठी ३२ डिजिटल घड्याळे लागतील; ती आधीच मिळवावीत.

शाळांना पत्र देताना नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकल्याचा उल्लेख अवश्य करावा. मुलींची नावे त्याने वाढतील असे वाटते.

आयोजक स्वतः खेळणार असल्यास पंचाचे काम दुसऱ्याकडे द्यावे. स्वतःच्या खटल्यात न्यायाधीश होता येत नाही, हे वकिलाला सांगायला नको. हात लावलेली सोंगटी खेळावीच लागते, हा नियम पंचाने पहिल्या फेरीपूर्वी मोठ्याने वाचून दाखवावा, कारण बहुतेक तंटे तिथेच उद्भवतात.