मोबाईलच्या बिलात दर महिन्याला येणारी अनोळखी रक्कम: ती शोधावी कशी आणि परत मागावी कशी

मोबाईलचे बिल दरमहा पन्नास-साठ रुपयांनी वाढले, तर ते बरेच दिवस कोणाच्या लक्षातच येत नाही, कारण बहुतेकांनी ते खात्यातून आपोआप भरले जाण्याची सोय करून ठेवलेली असते आणि ईमेलवर आलेली फाईल उघडून पाहण्याचे कारणच उरत नाही. लक्षात आल्यावर माणूस तडक ग्राहक सेवा केंद्राला फोन लावतो. माझ्या मते त्याआधी अर्धा तास बिलापुढे बसावे आणि पैसे नेमके कोण कापत आहे ते शोधून काढावे. कंपनीने चालू केलेली सेवा, ॲपचे सबस्क्रिप्शन आणि बँकेत दिलेला ऑटोपे, म्हणजे ठरावीक काळाने आपोआप पैसे कापण्याचा, आदेश या तीन निराळ्या गोष्टी आहेत आणि एकाची तक्रार दुसऱ्याकडे केली तर हात हलवत परतावे लागते.

मागील तीन-चार महिन्यांची बिले कंपनीच्या ॲपमधून उतरवून शेजारी शेजारी ठेवावीत. बिलाच्या पहिल्या पानावरील बेरीज फारशी उपयोगाची नसते. मासिक भाडे, वापर, मूल्यवर्धित सेवा (कॉलर ट्यूनसारख्या जादा पैशांच्या सेवा) आणि कर असे तपशील आतल्या पानांवर असतात. जी ओळ एका महिन्यात नव्हती आणि पुढच्या प्रत्येक महिन्यात आहे, तिच्यावर खूण करावी. मोबाईल सेवेवर 18 टक्के जीएसटी लागतो, गोव्यात त्याची केंद्राचा 9 आणि राज्याचा 9 टक्के अशी विभागणी बिलावर दिसते, त्यामुळे 49 रुपयांची सेवा प्रत्यक्षात 57 रुपये 82 पैशांना पडते. बेरजेतील फरकावरून सेवा ओळखायची असेल तर हा कर आधी वजा करावा. प्रीपेड ग्राहकालाही मागील सहा महिन्यांपर्यंतचा तपशीलवार हिशेब मागता येतो आणि त्यासाठी कंपनीला 50 रुपयांहून अधिक शुल्क घेता येत नाही.

या अनोळखी ओळींमध्ये कॉलर ट्यून हमखास सापडते. चतुर्थीच्या दिवसांत कोणाला तरी फोन लावावा, पलीकडे आरती वाजावी, ‘ही धून घेण्यासाठी स्टार दाबा’ असे ऐकू यावे आणि घरातील वडीलधाऱ्यांनी भक्तिभावाने ते बटण दाबावे, हे आपल्याकडे नवलाचे नाही. खरे तर भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, 2013 च्या निर्देशांनुसार अशी सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा संमती घेणे बंधनकारक आहे. म्हणून ‘तुम्हीच बटण दाबले होते’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. दुसरी संमती कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कोणत्या मार्गाने मिळाली, याची नोंद मागावी. सेवा बंद करण्यासाठी 155223 हा निःशुल्क क्रमांक आहे.

खूण करण्याजोगी ओळ बिलात सापडली नाही, तर बँकेचे विवरण पाहावे. फोनमधून ॲप काढून टाकले म्हणजे त्याचे सबस्क्रिप्शन बंद होते, हा समज चुकीचा आहे. अँड्रॉइड फोनमध्ये प्ले स्टोअरच्या ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ या भागात आणि आयफोनमध्ये सेटिंग्जमध्ये आपल्या नावाखाली ही यादी दिसते. यूपीआय ॲपमधील ऑटोपेची यादीही एकदा नजरेखालून घालावी आणि नको असलेला आदेश तिथेच रद्द करावा.

कंपनीनेच पैसे कापल्याची खात्री झाली, की 198 वर तक्रार नोंदवावी. येथे एक पथ्य पाळावे: सेवा बंद करणे आणि कापलेले पैसे परत करणे या दोन्ही मागण्या स्पष्टपणे, वेगवेगळ्या मांडाव्यात. केवळ ‘बंद करा’ म्हटले तर प्रतिनिधी सेवा बंद करतो, तक्रार निकाली निघाल्याचा संदेश येतो आणि मागील महिन्यांच्या पैशांचा विषय तिथेच संपतो. डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घेतल्याशिवाय फोन ठेवू नये आणि त्याच दिवशी रकमा व तारखा लिहून ईमेलही पाठवावा. वाद मिटेपर्यंत संपूर्ण बिल थकवण्याचा सल्ला काही जण देतात. तो मला पटत नाही, कारण विलंब शुल्क आणि सेवा खंडित होण्याची टांगती तलवार आपल्याच डोक्यावर राहते. बिल भरावे, पण अमुक रकमेला हरकत असल्याचे लेखी कळवून भरावे.

गोव्यातील अनेक घरांत जोडणी बोटीवर किंवा आखातात कामाला असलेल्या मुलाच्या नावावर असते आणि फोन मात्र डिचोलीत किंवा पेडण्यात आई वापरते. अशा वेळी कंपनी आईशी बोलण्यास नकार देऊ शकते. मुलाने आपल्या नोंदणीकृत ईमेलवरून तक्रार पाठवून तिच्यात आईचे नाव व संपर्क क्रमांक दिला, तर पुढची बरीच ये-जा वाचते.

तक्रारीचा निकाल मान्य नसेल, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करता येते. त्यासाठी शुल्क नसते आणि निर्णयाची मुदत 39 दिवसांची आहे. तिथेही दाद मिळाली नाही, तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. उत्तर गोव्यासाठी पर्वरी, दक्षिण गोव्यासाठी मडगाव. दूरसंचार कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालत नाहीत, असे पूर्वी सांगितले जाई. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये हा आक्षेप फेटाळला आहे. ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, ती घटनेपासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते आणि एवढ्या लहान रकमेच्या प्रकरणात आयोगाचे शुल्क भरावे लागत नाही. सोबत खूण केलेली बिले, डॉकेट क्रमांक, ईमेलच्या प्रती आणि अपिलाचा निकाल जोडावा.