वॉरंटी नाकारली गेल्यास मोटारीची त्रयस्थ तपासणी कशी मागावी

मोटारीची वॉरंटी नाकारताना सर्व्हिस सेंटर बहुधा एकच कारण देते: दोष गाडीचा नाही, वापराचा आहे. क्लच चालवण्याच्या पद्धतीमुळे झिजला, इंजिन भेसळीच्या इंधनामुळे बिघडले, वायरिंग बाहेरून बसवलेल्या साउंड सिस्टिममुळे जळाले. हे ठरवणारा तंत्रज्ञ ज्यांच्याकडे नोकरी करतो, त्यांच्याच पदरी दुरुस्तीचा खर्च पडणार असतो. म्हणून त्याचे मत अंतिम मानण्याचे कारण नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 38 नुसार, चाचणीवाचून ठरवता न येणारा दोष ग्राहक आयोग योग्य प्रयोगशाळेकडून तपासून घेऊ शकतो. माझ्या मते वॉरंटीच्या वादात ग्राहकाच्या हाती असलेले हे सर्वांत प्रभावी साधन आहे, परंतु त्याची तयारी तक्रार दाखल होण्याच्या कितीतरी आधी सुरू करावी लागते.

पहिली काळजी जॉबकार्डची, म्हणजे गाडी दुरुस्तीला देताना सर्व्हिस सेंटर तक्रार नोंदवते त्या कागदाची. त्यावर सही करण्यापूर्वी तक्रार नेमक्या शब्दांत उतरली आहे ना, हे पाहावे. ‘गाडी आवाज करते’ या नोंदीचा पुढे काहीही उपयोग होत नाही. ‘थंड इंजिन सुरू केल्यावर पुढच्या डाव्या बाजूने धातू घासल्यासारखा आवाज येतो’ ही नोंद उपयोगी पडते. एकच दोष तीन-चार वेळा दुरुस्त करूनही परत आला असेल, तर ती जॉबकार्डे किलोमीटरच्या नोंदींसह एकापाठोपाठ एक ठेवल्यावर जे चित्र उभे राहते, ते दीर्घ युक्तिवादापेक्षा अधिक बोलके असते. वॉरंटी नाकारली गेल्यास ती पुस्तिकेतील कोणत्या अटीनुसार नाकारली, हे ईमेलने लेखी मागावे.

दुसरी काळजी गाडीच्या स्थितीची, आणि येथेच बहुतेकांची चूक होते. गैरसोय सहन न होऊन गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये उघडली जाते, सदोष भाग भंगारात जातो, आणि त्यानंतर तज्ज्ञाला तपासण्यासारखे काही उरत नाही. शक्य असेल तोवर गाडी आहे त्या अवस्थेत ठेवावी. पैसे भरून दुरुस्ती करणे अपरिहार्यच असेल, तर रक्कम हक्क राखून, म्हणजे वॉरंटीचा दावा न सोडता, भरत असल्याचे लेखी कळवावे, काढलेला भाग ताब्यात घ्यावा आणि खोलतानाची छायाचित्रे काढावीत.

यानंतर उत्पादक आणि वितरक या दोघांनाही नोटीस पाठवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यास काही वाद तेथेच मिटतात. मात्र हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही. नोटिशीत दोघांची चूक वेगवेगळी मांडावी, कारण गोव्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये, वितरकाच्या कृत्याची माहिती उत्पादकाला होती हे सिद्ध न झाल्याने, उत्पादकाला जबाबदार धरले नाही.

गाडीसाठी मोजलेली किंमत 50 लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात करता येते, आणि तीही आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात. किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. त्यापुढे 10 लाखांपर्यंत 200, 20 लाखांपर्यंत 400 आणि 50 लाखांपर्यंत 1000 रुपये पडतात. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. वकील नेमणे सक्तीचे नाही. व्यवसायासाठी घेतलेली गाडी या कायद्यातून वगळलेली असली, तरी स्वतः चालवून पोट भरणाऱ्या टॅक्सीचालकाला ग्राहकच मानले जाते.

तक्रारीसोबतच त्रयस्थ तपासणीचा स्वतंत्र अर्ज द्यावा. त्यात पुण्यातील एआरएआय (वाहनांच्या चाचण्या करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) किंवा शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय अशी संस्था सुचवता येते. निवड आयोग करतो. चाचणीचे शुल्क आधी तक्रारदाराला जमा करावे लागते आणि अहवालासाठी कायद्याने 45 दिवस दिले आहेत, जे आयोग वाढवू शकतो. अर्जातील प्रश्न फार विचारपूर्वक लिहावेत. ‘गाडी सदोष आहे काय’ एवढेच विचारल्यास उत्तरही तितकेच मोघम येते. बिघाड कोणत्या भागात आहे, तो रचनेतून, जुळणीतून की वापरातून आला, सर्व्हिस सेंटरने सांगितलेल्या कारणाची भौतिक चिन्हे दिसतात काय, आणि दुरुस्तीने तो कायमचा जाईल काय, असे वेगवेगळे प्रश्न हवेत. तपासणीच्या वेळी स्वतः हजर राहण्याची परवानगी मागावी. अहवाल पटला नाही तर दोन्ही पक्षांना लेखी हरकत घेता येते.

मागणी करताना संयम ठेवावा. सुटा भाग बदलून दोष जाणार असेल तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश समर्थनीय नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये म्हटले आहे. याउलट, सी. एन. अनंतराम विरुद्ध फियाट इंडिया या 2010 च्या प्रकरणात, स्वतंत्र तज्ज्ञाला मूळचा उत्पादनदोष आढळल्यास किंमत 12 टक्के व्याजासह परत करावी, असा आदेश झाला. म्हणून आधी किंमत परत किंवा गाडी बदलून, ते शक्य नसल्यास विनाशुल्क दुरुस्ती व नुकसानभरपाई, अशा क्रमाने पर्यायी मागण्या लिहाव्यात.

आयोग दोन्ही पक्षांच्या संमतीने प्रकरण मध्यस्थीकडेही पाठवू शकतो. अहवाल आपल्या बाजूने आल्यानंतरची मध्यस्थी सहसा अधिक फलदायी ठरते. निकालाविरुद्ध राज्य आयोगाकडे 45 दिवसांत अपील करता येते, परंतु रक्कम देण्याचा आदेश झालेल्या सामनेवाल्याला त्यासाठी त्या रकमेचा निम्मा भाग आधी जमा करावा लागतो.