तासाला टिपणं घेताना: आधी ऐका, मग लिहा

शिकवताना सर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द सहज बोलून जातात. हात कितीही भरभर चालवला तरी वीस-पंचवीसच्या फारसा पुढे जात नाही. म्हणून सगळं उतरवून घेणाऱ्याची वही भरते आणि विषय निसटतो.

कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी १९५०च्या दशकात सुचवलेली पानाची आखणी इथे कामी येते. ए-फोर पानावर डावीकडे ६ सेंमी समास आणि तळाशी ५ सेंमी पट्टा सोडा. रेघा घरूनच मारून न्या. तासाला लिहायचं ते फक्त उजव्या मोठ्या भागात.

मुद्दा पुरता ऐका. सर फळा पुसायला वळले, की तेवढ्यात आपल्या शब्दांत लिहा. समजा, ते म्हणाले, "निवडक्षम पारपटलातून पाणी कमी संहतीच्या द्रावणाकडून जास्त संहतीच्या द्रावणाकडे जातं, यालाच परासरण म्हणतात." वहीत एवढंच पुरे:

परासरण: पाणी → मीठ/साखर जास्त तिकडे. मध्ये पारपटल. उदा. कैरीच्या फोडींना मीठ, पाणी सुटतं.

बाण हवाच, 'कमी-जास्त' घाईत हमखास उलटं लिहिलं जातं. सूत्रं आणि आकडे मात्र जसेच्या तसे घ्या, तिथे आपले शब्द नकोत. मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला आला असाल, तर संज्ञा इंग्रजीच ठेवा आणि स्पष्टीकरण मराठीत लिहा. ऐकता ऐकता 'ऑस्मोसिस'ला (म्हणजे परासरणाला) मराठी प्रतिशब्द आठवत बसलात, की पुढची दोन वाक्यं गेलीच. कळलं नाही तिथे दोन ओळी कोऱ्या सोडून प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे चला. शेजाऱ्याच्या वहीत डोकावलात तर दोघांचंही बुडतं.

लॅपटॉपवर टाइप करणारे ऐकलेलं शब्दशः उतरवण्याकडे झुकतात. वेग वाढतो, विचार मागे पडतो. टाइप करायचंच असेल तर नियम तोच.

खरं काम संध्याकाळचं, आणि नेमकं तेच बहुतेक जण टाळतात. त्याच दिवशी दहा-पंधरा मिनिटं काढून डाव्या समासात प्रश्न लिहा. 'परासरण म्हणजे काय?' हा प्रश्न कच्चा, त्याला पाठ केलेली व्याख्या चालून जाते. 'मीठ लावल्यावर कैरीला पाणी का सुटतं?' असा विचारा. मग उजवी बाजू कागदाने झाका आणि उत्तर मोठ्याने सांगा. तळाच्या पट्ट्यात वर न बघता तीन वाक्यांत सार लिहा. जिथे अडाल, ते तासालाच कळलेलं नव्हतं. तेवढंच दुसऱ्या दिवशी सरांना विचारा.