घरी केलेल्या सर्किट बोर्डाला पारदर्शक लेप देताना

फेरिक क्लोराइडमध्ये एचिंग करून, म्हणजे नको असलेले तांबे विरघळवून, घरी तयार केलेल्या बोर्डावर कारखान्यातल्या बोर्डासारखा तांबे झाकणारा थर (सोल्डर मास्क) नसतो, त्यामुळे त्याचे उघडे तांबे दमट हवेत लवकर काळवंडते आणि जिथे फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावे म्हणून वापरलेला पदार्थ) राहिला असेल तिथे हिरवे पडू लागते. अॅक्रिलिक लॅकरच्या फवाऱ्याने हे बऱ्याच अंशी टळते; मात्र बोर्डावर जे काही राहिले असेल ते लेपाखाली कोंडले जाते, म्हणून माझ्या मते या कामातला निम्म्याहून अधिक वेळ सफाईलाच द्यावा.

पाण्याच्या टाकीसाठी केलेला माझा पहिला बोर्ड मी घाईने पुसून लेपला होता. पावसाळा संपता संपता आयसीच्या (चिपच्या) शेजारशेजारच्या दोन पायांमध्ये, म्हणजे अवघ्या २.५४ मिलिमीटर अंतरात, चकचकीत लेपाखाली हिरवी रेघ उमटलेली दिसली आणि पंप आपोआप सुरू होऊ लागला.

सोल्डरिंग आणि चाचणी पूर्ण झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या टूथब्रशने सांधे घासावेत. अल्कोहोल फ्लक्स विरघळवते, पण उडून गेले की तोच फ्लक्स पातळ होऊन सगळीकडे पसरलेला राहतो. त्यामुळे बोर्ड ओला असतानाच धागे न सुटणाऱ्या कापडाने टिपावा आणि चिकटपणा जाईपर्यंत हे पुन्हा करावे. त्यानंतर बोर्ड पूर्ण वाळवून कनेक्टर, आयसी सॉकेट, स्विच, प्रीसेट (पेचकसाने फिरवायचा छोटा रोधक) आणि सेन्सर यांवर मास्किंग टेप लावावी, कारण लॅकर आत शिरल्यास संपर्क तुटतो.

लॅकरचा डबा चांगला हलवून साधारण २० ते २५ सेंटीमीटरवरून, हात एका जागी न थांबवता पातळ थर द्यावा, तो डब्यावर सांगितलेल्या वेळेइतका वाळू द्यावा आणि बोर्ड काटकोनात फिरवून दुसरा थर द्यावा, म्हणजे सुट्या भागांच्या आडोशाची जागा कोरडी राहत नाही. पावसाळी हवेत फवारल्यास लेप पांढरट, धूसर होतो. तेव्हा कोरडा दिवस निवडावा. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास शेगडी किंवा पेटती उदबत्तीही नसावी, कारण लॅकरमधले द्रावक ज्वालाग्राही असते.

पुढे दुरुस्ती करावी लागली तर अॅक्रिलिकचा थर अॅसिटोनच्या बोळ्याने तेवढ्या जागेपुरता काढता येतो, फक्त तो बोळा प्लास्टिकच्या भागांना लागू देऊ नये. बोर्डावर २३० व्होल्टचा भाग असेल, तर लेप दिल्यानंतरही तो उघडाच आहे असे समजून बंद पेटीत बसवावा.